वलगावच्या तलावावरचं शीड

शके १७८६, भाद्रपद शुद्ध षष्ठी

बार्लो साहेब म्हणतो, वारा शिकायचा तर तो रोज लिहून ठेवा. कुठून आला, केवढ्यानं आला, कधी पडला. म्हणून ही वही. पंतोजींनी छड्या मारून गिरवून घेतलेली अक्षरं पुढं वारा लिहायला कामी येतील, असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

आज वारा पश्चिमेचा, मधूनमधून धक्के देणारा.

साहेब मुंबईच्या कापूस-पेढीचा माणूस. त्यानं शिडाची लहानशी होडी आगगाडी येते तिथवर आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीवर घालून इथं आणली होती. रोज संध्याकाळी वलगावच्या तलावात एकटाच फिरायचा. काठावर माणसं जमायची. आता पेढी त्याला अकोल्याला धाडते आहे, आणि होडी तो इथंच टाकून चालला आहे. ती जानरावांनी घेतली.

जानराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुभद्राआक्काचे यजमान. अमरावतीत राजापेठेत राहतात. कापसाची चिमूट बोटांत ताणून, उजेडात धरून, कोणत्या शिवाराचा ते सांगतात. बाजारात त्यांचा शब्द चालतो. आमचे वडील गेले तेव्हा मी पोरसवदा होतो. नांगर धरायला, मजुरांशी बोलायला, सारं त्यांनीच शिकवलं.

अमेरिकेतल्या लढाईनं यंदाही कापसाला सोन्याचा भाव आहे. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं करतो, कोणी दारात तंबू ठोकून नाच ठेवतो. जानरावांना असला शौक कधीच नव्हता. म्हणून मी विचारलं, "भाऊजी, डोंग्याचं आपल्याले काय काम?"

"काईच काम नाई," ते म्हणाले. "म्हनूनच घेतला."

भाद्रपद शुद्ध नवमी

वारा पश्चिमेचा, दुपारनंतर जोराचा.

साहेब जायच्या आधी आम्हाला शिकवतो आहे. दोघांची होडी. एकानं मागं बसून सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं शिडाचा दोर. शिडाच्या तळाशी आडवी काठी असते. होडी वळली की ती काठी इकडून तिकडं फिरते आणि त्या वेळी वाकायचं असतं. मी वाकलो नाही. कपाळावर टेंगूळ आहे.

वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, हे कळायला मला दोन दिवस लागले. तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या अंगानं तिरकं जायचं. असं करत करत वाऱ्याकडंच पोचता येतं. घाट चढणारी गाडी जशी. साहेब मोडक्या हिंदुस्थानीत हे समजावत होता तेव्हा जानराव डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, डुलकी लागली. नंतर त्यांनी सुकाणू हातात घेतलं आणि पहिल्याच फेरीत होडी वळवली. साहेबानं टोपी काढली.

मी दोरावरच.

भाद्रपद वद्य तृतीया

साहेब अकोल्याला गेला. आज आम्ही दोघंच होतो आणि होडी उलटली. पाणी गळ्याएवढं होतं, पण चिखलात पाय रुतले आणि जानरावांचं पागोटं वाहून गेलं. मी भ्यालो होतो. ते मात्र पाण्यात उभे राहून हसत होते. कित्येक दिवसांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

होडी सरळ करताना शीड शिंगाड्यांच्या वेलीत अडकलं. तलावात मैनाबाई नावाच्या भोईणीचे शिंगाडे आहेत. पालथ्या घागरी बांधून केलेल्या ताफ्यावर बसून ती वेली सांभाळते. ती वल्हवत आली आणि म्हणाली, "काय वो पाटील, जमिनी कमी पडल्या का तुमाले? आता पान्यात बी आउत हाकता काय?"

"माय, चुकलं," जानराव म्हणाले. "तुह्या वेली कुठून कुठवर हायेत, सांगून ठेव."

"दिसून नाई राहिल्या का? पुऱ्या हिरव्या हायेत."

आश्विन शुद्ध तृतीया

वारा नाही.

जानराव पुन्हा एलिचपूरला जाऊन आले. महिन्याभरातली ही दुसरी खेप. म्हणे कापसाचं काम. नवा कापूस अजून झाडावर आहे, बोंडं उकललीसुद्धा नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "असते काई काम." आक्कानं ताटावरून मान वर केली नाही.

जेवताना त्यांचा हात लागून डाव्या बाजूचा तांब्या कलंडला. मागच्या खेपेलाही हेच झालं होतं. माणसाला पैसा झाला की लक्ष जागेवर राहत नाही, असं आपलं मला वाटलं. 

दसरा

सोनं वाटून झाल्यावर दुपारी तलावावर गेलो. वारा इतका कमी की शीड लोंबत होतं. वल्ही काढू का म्हटलं, तर ते म्हणाले, "राहू दे. बसू."

बसलो. असं काही न करता बसायची मला सवय नाही. शेतात काय चाललं असेल, हेच डोक्यात.

"केशव, त्या पाळीवर काय दिसते सांग," ते तलावाच्या बांधाकडं तोंड करून म्हणाले.

"काई नाई. बाभळी."

"नीट पाह्य. तू नीट पाहात नाई."

मग मी सांगितलं. बाभळींना पिवळी फुलं आहेत. खालच्या फांदीवर बगळा, एक पाय वर. त्याच्या खाली पाणी गढूळ आणि जरा पुढं निळं. दोन्ही रंग मिळतात तिथं मधून एक रेघ आहे. ते विचारत गेले, मी सांगत गेलो. बगळा कुठं पाहतो? रेघ सरळ की वाकडी? लहान पोराला गोष्ट हवी तसं त्यांचं चाललं होतं. सण होता म्हणून मीही लाड पुरवले.

खोटं कशाला लिहू, घरी येताना वाटलं, ती रेघ मी याआधी कधी पाहिली नव्हती.

दिवाळी, लक्ष्मीपूजन

राजापेठेत होतो. आक्का अंगणात पणत्या लावत होती आणि जानराव ओसरीवरून तिच्याकडं एकटक पाहत होते. पणत्या लावून संपल्या तरी पाहतच होते. लग्नाला इतकी वर्षं झाली. मला हसू आलं, आणि मी दुसरीकडं तोंड केलं.

कार्तिक शुद्ध नवमी

वारा आता पूर्वेचा, सकाळी चांगला.

नवा कापूस बाजारात आला. जानरावांनी मला सोबत नेलं. प्रत्येक गाडीपाशी थांबून स्वतः चिमूट घेत, बोटांत ताणत आणि मग ती माझ्या हातात देत. "रंग सांग. पांढरा कसा? दुधाचा का चुन्याचा? पिवळी झाक हाये का?" मी सांगितलं की मान हलवून भाव बोलत. माझं एकदाही चुकलं नाही. मला ते तयार करून राहिले आहेत, हे उघड आहे. दिवसभर छाती फुगलेली होती.

एकच सलतं. बाजारात इतका विश्वास टाकतात, पण तलावावर सुकाणू हातात देत नाहीत. आज मागितलं. "थांब थोडा," म्हणाले. "मले अजून पाह्यजे."

कार्तिक शुद्ध द्वादशी

मैनाबाईनं मला पाळीवर गाठलं. होडी दोनदा तिच्या ताफ्याजवळून गेली म्हणून चिडली होती. "तुमच्या भाऊजीले दिसत नाई का?"

मी म्हटलं, "तोंड सांभाळून बोल. बाजारात त्याईच्या नजरेवर कापूस विकते."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग आपल्या ताफ्याकडं गेली.

कार्तिक वद्य प्रतिपदा

आज अक्षर वाईट येईल.

आज बाजारातले काही लोक होडी पाहायला आले होते. वारा पाठीमागून, जोराचा. अशा वेळी शीड एका अंगाला पसरतं आणि होडी पळते. मी दोर धरून शिडाच्या आड होतो, मला पलीकडचं काही दिसत नव्हतं. जानराव ताठ बसून समोर पाहत होते. मैनाबाई त्यांच्या डाव्या अंगाला ताफ्यावर शिंगाडे तोडत होती, आंधळ्यालाही दिसावी इतक्या उघड्यावर. ती ओरडली तेव्हा उशीर झाला होता. होडीनं ताफा उडवला. एक घागर फुटली. बाई वेलींत गेली.

मी उडी मारली. वेल तिच्या गळ्याभोवती आणि हातांभोवती गुंतली होती. ती मला ओढत होती आणि मी वेलीला ओढत होतो. शेवटी दातांनी तोडली. काठावर आणली तेव्हा ती नुसती खोकत होती.

जानराव होडीतच होते. "कुठं हाये? केशव, कुठं हाये ते?" असं विचारत होते. ती समोर पडलेली असताना. तेव्हा माझा तोल गेला. साऱ्यांदेखत म्हणालो, "कापसाचा माज चढला तुमाले. शौकापायी मानूस मारून राहिले तुमी." वडिलांच्या ठिकाणी असलेल्या माणसाला.

ते सुकाणू धरूनच बसले. लोक एकेक करून पांगले.

कार्तिक वद्य द्वितीया

सुभद्राआक्का एकटी गाडी जुंपून वलगावला माझ्याकडं आली. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "त्याईले दिसत नाई."

मला अर्थ लागला नाही.

"दोन वर्सं झाली. आधी बाजूचं गेलं. आता मंधात एवढंच राह्यलं," तिनं मूठ जवळजवळ मिटून दाखवली. "नळीतून पाह्यल्यावानी. एलिचपूरचा हकीम म्हनते, मोतीबिंदू नाई हा, काढता येत नाई. वाढतच जाते. आनखी किती दिस, ते त्याले बी सांगता नाई येत."

"मले काहून नाई सांगतलं?"

"त्याईनं शपथ घातली व्हती. बाजारात समजलं तर कोन भाव इचारते?" मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "अन् मले वाटलं, तुले मालूम असन. तू रोज त्याईच्या समोर बसत व्हता."

ती गेल्यावर कालचं पान वाचलं. एक ओळ खोडावीशी वाटली. खोडली नाही.

कार्तिक वद्य चतुर्थी

काल जायचा धीर झाला नाही. आज गेलो. जानराव ओसरीवर बसले होते. मी डाव्या बाजूनं आलो, त्यांना कळलं नाही. मग फिरून समोर जाऊन उभा राहिलो. तेव्हा म्हणाले, "ये."

काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. पायाशी बसलो.

"तू खोटं नाई बोलला," ते म्हणाले. "माज व्हता. पैशाचा नाई, दुसरा. वाटलं, कोनाले समजू न देता निभावून नेईन."

"डोंगा काहून घेतला भाऊजी?"

ते बोटांनी धोतराची किनार चाचपू लागले.

"घरात उंबरठा हाये. बाजारात गाड्या, दोऱ्या, बैलं. रस्त्यानं चाललो का जीव सारा पायात. साहेब एकडाव मले संग घेऊन गेला, तुले नाई सांगतलं मी. मंधात गेलो अन् मनात आलं, इथं ठेच लागत नाई. पान्यावर ठेच लागत नाई, केशव. वारा गालाले लागते, तिकडून समजते कुठं जाऊन राहिलो ते. कितीक दिसांनी पाय इसरलो मी." मग म्हणाले, "पन तिथं बी कोनी मानूस असते, हे इसरलो. आता इकून टाक त्याले."



उठताना ते म्हणाले, "आधी मले त्या मायकडं ने."

कार्तिक वद्य पंचमी

नेलं. मैनाबाई झोपडीपुढं शिंगाडे उकडत होती. गळ्यावर वळ अजून लाल होते. जानराव हात जोडून उभे राहिले, पण चुलीच्या धुरानं चुकले. ती जिथं होती त्याच्या जरा बाजूला तोंड करून बोलले. "माय, मले दिसत नाई. समोरचं थोडं दिसते, बाजूचं काई नाई. हे मी कोनालेच सांगतलं नव्हतं. त्याच्यापायी तू मरत व्हती."

ती उठून त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. घागरींचे पैसे द्यायचं मी म्हटलं, तर माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही.

"मंग आधी सांगाचं व्हतं," ती त्यांना म्हणाली. "मी गानं म्हनलं असतं. आयकू तर येते ना?"

"येते."

"मंग झालं तर. तीन दिस डोंगा आला नाई, मले वाटलं मेले का काय." तिनं पळसाच्या पानावर शिंगाडे दिले. जानराव ते सोलू लागले आणि काटा बोटात गेला. तिनं पान परत घेतलं, सोलून दिले.

होडी विकायचं मग कोणी काढलं नाही.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

वारा ईशान्येचा, मऊ.

पुन्हा पहिल्यापासून शिकतो आहोत. मी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला बसून ओरडतो, "डाव्या अंगाले खुंट, उजव्या अंगाले वेल." मैनाबाई लांबून गाणं म्हणते, सूर असा नाहीच, पण पाण्यावरून स्पष्ट येतं. आज जानराव वैतागून म्हणाले, "तू गप बस जरा. तुह्यापायी वारा आयकू येत नाई."

गप्प बसलो. पाळ जवळ आली तसा पाण्याचा आवाज बदलला, बारीक झाला. मी ऐकला तोपर्यंत त्यांनी होडी वळवलीही होती.

मार्गशीर्ष वद्य दशमी

जानरावांनी बाजारात स्वतःच सांगितलं. एका सकाळी, गाड्या उभ्या असताना, सगळ्यांना. काही जण त्याच दिवशी दुसऱ्याकडं गेले. त्यांत आमचे सोयरेही होते. वामनराव म्हणून एक म्हातारे शेतकरी मात्र आपल्या गाडीवरून उतरले आणि कापूस त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "बोटं तर हायेत ना जाग्यावर? सांगा."

आता रंग मी सांगतो, बाकीचं बोटं. पूर्वीसारखी गर्दी नसते. घरी येताना ते गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसतात. 

पौष शुद्ध चतुर्दशी

वारा पूर्वेचा, थंड. उद्या संक्रांत.

आज त्यांनी सुकाणू माझ्या हातात दिलं. इतके दिवस ज्यासाठी कुढत होतो ते मिळालं आणि मला वाईट वाटलं. म्हटलं, "तुमीच धरा." ते म्हणाले, "दोर धरून पाहू दे मलेही. दोरातून वारा हाताले लागते." मी तीनदा वळताना चुकलो. तिन्ही वेळा त्यांना माझ्या आधी कळलं, पण बोलले नाहीत, नुसते वेळेवर वाकले.

माघ वद्य द्वितीया

वारा पश्चिमेचा, पावसाळ्यानंतरचा पहिला.

तलाव ओसरला आहे. कडेचे खुंट वर आले आहेत आणि मधलं पाणी तेवढं मोकळं उरलं आहे. होडी उद्या वर ओढून छपराखाली ठेवायची. मैनाबाईचा हंगाम संपला, ती माणसांसह दुसऱ्या तलावावर गेली. पाण्यावर कोणी नव्हतं.

सुभद्राआक्का आज पहिल्यांदाच पाळीवर आली होती. एवढे महिने होडीकडं फिरकली नव्हती. मी दोर सोडून होडीत चढणार तर जानराव म्हणाले, "आज तू राह्य."

"भाऊजी, नको."

"एक डाव एकट्याले जाऊ दे."

मी आक्काकडं पाहिलं. वाटलं, ती अडवेल. ती म्हणाली, "जाऊ दे त्याईले."

दोर आणि सुकाणू दोन्ही त्यांनी एकट्यानं घेतलं. आधी होडी नुसती डुलली. मग शीड भरलं आणि ती तिरकी होऊन निघाली, वाऱ्याच्या तोंडावर, एका अंगानं, मग वळून दुसऱ्या अंगानं. वळताना ते कधी वाकतात याकडं माझं सगळं लक्ष. दर वेळी वाकले. मधल्या पाण्यात गेल्यावर त्यांनी मान मागं टाकली, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मी आक्काला म्हणालो, "पाह्य, हसून राहिले." ती म्हणाली, "मले दिसते."

किती वेळ होते ते सांगता येणार नाही. परत आले ते आमच्याकडं नाही. वारा जरा सरकला असावा. होडी खाली, पार बाभळींपाशी लागली. शीड उतरलं. ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि एका हातानं होडी धरून उभे राहिले. तोंड आमच्याकडं नव्हतं, रानाकडं होतं.

मी धावणार तर आक्कानं बाही धरली.

"हाक तरी मारू?"

"नको."

ते बराच वेळ उभे होते. मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली. मग चाचपत एक बाभूळ शोधली, दोर तिला बांधला, गाठ ओढून पाहिली. जोडे हातात घेतले. आणि एक पाय पाण्यात, एक पाय चिखलात असे काठाकाठानं चालू लागले. पाय कोरडा पडला की थोडे पाण्याकडं सरकायचे, दोन्ही पाय भिजले की थोडे काठाकडं. एकदा खुंटाला अडखळले, माझ्या बाहीवरची मूठ आवळली गेली. पण आक्का जागची हलली नाही, म्हणून मीही नाही.

जवळ आल्यावर आक्काच्या बांगड्या वाजल्या असतील. ते थांबले.

"केशव, डोंगा किती दूर लागला?"

"लय दूर नाई."

"खरं सांग."

"बाभळीपाशी, भाऊजी. पार खाली."

त्यांनी जोडे खाली टाकले, चिखलाच्या पायानं चाचपून एकेक घातला.

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या वर्सी जवळ लावू."